बाबा म्हणतात, "मला नळ्यांवर ठेवू नका." हे पाप आहे का?

वृंदा_सातपूर (रविवार, रात्री ११.४०)

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ८१ वर्षांचे. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले, छापून आलेल्या नोटांचे कागद तपासायचं काम होतं. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, आता लिव्हरमध्ये पसरलाय. दोन केमो झाल्या, तिसरी डॉक्टरांनीच नको म्हटली. डोकं मात्र एकदम शाबूत. सकाळी पेपर वाचतात, माझ्या मुलाची गणितं तपासतात. रात्री झोपेत उजवा अंगठा हलत असतो, गठ्ठ्यातला एकेक कागद उलटवावा तसा. आई म्हणते, "गेले ड्यूटीवर."

गेल्या गुरुवारी त्यांनी आईला आणि मला समोर बसवलं. म्हणाले, "श्वास अडकला तर मशीनवर टाकायचं नाही. नाकातून नळी नको. आयसीयूत मरायचं नाही. हे मला कागदावर लिहायचंय आणि सही माझी मी करणार." आई उठून देवघरात गेली. नंतर ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "ही आत्महत्याच झाली की गं. चाळीस वर्षं निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला चालत गेलेला माणूस. आणि शेवटी असं पाप?" ओळखीच्या एका कीर्तनकारांना तिने विचारलं. ते म्हणाले, भोग भोगूनच संपवावा लागतो, अर्धा टाकला तर पुढच्या जन्मी पुरा करायला यावं लागतं. तेव्हापासून ती रात्ररात्र जागी असते.

भाऊ टोरांटोला आहे. तो फोनवर बोलून गेला, "इथे असते तर बाबांनी तारीखसुद्धा स्वतः ठरवली असती." आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

अजून एक. परवा रात्री दुखणं फार वाढलं तेव्हा बाबा माझा हात धरून म्हणाले, "एक इंजेक्शन दे आणि मोकळं कर." सकाळी त्यांना ते आठवतही नव्हतं. गुरुवारचं मागणं आणि हे मागणं एकच का? धर्म काय म्हणतो, कायदा काय म्हणतो, आणि आईला मी काय सांगू?

चांदोरीकर (रविवार, रात्री ११.५८)

ताई, वाचून पोटात कालवलं. बाबांना नमस्कार सांगा.

सत्यशोधन (सोमवार, सकाळी ७.१०)

कीर्तनकार बरोबर बोलले. जीव आपण दिलेला नाही, तो घेण्याचा अधिकार आपला नाही. ईशावास्य उपनिषदात आत्मघातकी लोकांना अंधाऱ्या लोकात जावं लागतं असं स्पष्ट म्हटलंय. आज नळी नको, उद्या औषध नको, परवा म्हातारी माणसंच नकोत. कुठे थांबणार?

रामकुंड_गुरुजी (सोमवार, सकाळी ९.२५)

सत्यशोधन, त्या मंत्रातल्या 'आत्महनो जनाः' या शब्दांवरचं शंकराचार्यांचं भाष्य वाचा. आत्महन म्हणजे देह संपवणारा असा अर्थ ते घेत नाहीत. आत्मस्वरूप न ओळखणारा, अज्ञानात राहणारा, असा घेतात. त्या मंत्राच्या आधारे एका कॅन्सरच्या पेशंटला घाबरवणं मला पटत नाही.

आत्मघात पाप, हे शास्त्र सांगतंच, त्यात वाद नाही. पण तेच शास्त्र आत्मघात आणि देहत्याग यांत फरक करतं. वैद्यांनी हात टेकलेत अशा वृद्धाला देह ठेवण्याची मुभा अत्रिस्मृतीत आहे, आणि त्याचं सुतक तीन दिवसांचं सांगितलंय. पुढे कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात करू नयेत अशा गोष्टींच्या यादीत टाकून, ही मुभा काढून घेतली. म्हणजे आपल्याच पूर्वजांनी या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार केला होता. एकच उत्तर कोणी ठोकून देत असेल तर त्याने अर्धंच वाचलंय.

आणि वृंदाताई, तुमचे वडील देहत्यागसुद्धा मागत नाहीयेत. ते फक्त म्हणतायत की मरण आलं तर दार अडवू नका. माझी तिसरी पिढी रामकुंडावर दशक्रिया करतेय. गेलेल्या माणसाला व्हेंटिलेटर लावला होता की नव्हता, असं आम्ही कोणाला विचारत नाही. न लावल्याचं कुठलं प्रायश्चित्तही नाही. आईला माझ्याकडे घेऊन या. दक्षिणा नको, नुसतं बोलू.

वकीलसाहेब_सीबीएस (सोमवार, दुपारी १.०५)

कोर्टातून जेवायच्या सुटीत लिहितोय. कायद्याचा भाग सांगतो.

आधी शब्द वेगळे करा. इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात गुन्हा आहे, मग पेशंटने हात जोडून मागितलं असलं तरी. मरायला मदत करणं हाही गुन्हा आहे. निरुपयोगी उपचार न सुरू करणं किंवा थांबवणं, याला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिलेली आहे.

१९९६च्या ग्यान कौर खटल्यात घटनापीठ म्हणालं, जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण आयुष्य संपतच आलेलं असताना सन्मानाने मरणं, हे सन्मानाने जगण्यातच धरायचं. २०११मध्ये अरुणा शानबाग, म्हणजे हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं निश्चेष्ट पडून असलेल्या मुंबईच्या नर्स, यांच्या प्रकरणात उपचार थांबवायला पहिल्यांदा वाट मिळाली, पण दर वेळी हायकोर्टाची परवानगी लागणार होती. ९ मार्च २०१८ला कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींनी लिव्हिंग विल, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, वैध ठरवलं. मात्र त्यावर मॅजिस्ट्रेटची सही हवी होती, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. २४ जानेवारी २०२३ला ती अट काढली.

आता असं आहे. सज्ञान, शुद्धीतला माणूस स्वखुशीने लिहितो. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं त्यात टाकायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक महापालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. पुढे वेळ आलीच तर हॉस्पिटलचं पहिलं बोर्ड बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर. दोन्ही बोर्डांचं जमलं की मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं. बोर्डाने नाही म्हटलं तर हायकोर्ट आहेच.

बाबा बोलू शकतायत तोवर या बोर्डांची गरजच नाही. शुद्धीतला माणूस उपचाराला नाही म्हणू शकतो. कागद लागतो तो त्यांचं तोंड बंद झाल्यावर.

सत्यशोधन (सोमवार, दुपारी २.३०)

गुरुजी, अज्ञान हा अर्थ मान्य. पण वकीलसाहेब, कोर्टाने परवानगी दिली म्हणून नीती बदलत नाही. नळी न लावणं आणि इंजेक्शन देणं, दोन्हींत माणूस मरतोच.

सिस्टर_३_शिफ्ट (सोमवार, रात्री १०.५०)

मी आयसीयूत अठरा वर्षं काढली. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही.

सत्यशोधन, माणूस मरतोच हे खरं. पण कशाने मरतो ते पाहा. इंजेक्शन दिलं तर इंजेक्शनने मरतो. नळी लावली नाही तर त्याच्या आजाराने मरतो. माझ्या हाताला हा फरक कळतो. मशीन थांबवलेल्या पेशंटचे डोळे मी मिटलेत आणि घरी जाऊन जेवले आहे. कोणी मला ते दुसरं इंजेक्शन भरायला सांगितलं तर मी नोकरी सोडेन.

आता जे कोणी बोलत नाही ते. आपल्याकडे मशीन बहुतेक वेळा पैसे संपले की निघतं. बोर्ड नाही, कागद नाही. पेठकडचे एक आजोबा होते, नऊ दिवस व्हेंटिलेटरवर. मुलाने बैलजोडी विकली, मग सोयऱ्यांकडून घेतले. दहाव्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय अशा फॉर्मवर अंगठा करून म्हणाला, "आता घरी नेतो." अँब्युलन्समध्ये मी बसले होते आंबू बॅग, हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबत. आजोबांचे हात आयसीयूत पलंगाला बांधलेले असायचे, नळी ओढू नये म्हणून, त्याचे वळ मनगटावर तसेच. घाटात मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, अंगणापर्यंत दाबा. अंगणात त्याची खाट टाकलीय." मी अंगणापर्यंत दाबली. सुनेने चमच्याने पाणी घातलं, ते गालावरून ओघळलं. हेच त्याला नऊ दिवस आधी मिळालं असतं, बैलांसकट.

अरुणाताईंबद्दलही सांगते, कारण नाव निघालंय. २७ नोव्हेंबर १९७३ला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ला त्या गेल्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं. पत्रकार पिंकी विराणींनी त्यांना जाऊ द्या म्हणून याचिका केली तेव्हा केईएमच्या नर्सेस ठामपणे म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही सांभाळतो. कोर्टाने त्यांचं ऐकलं. मला दोन्ही बाजू कळतात. पण त्या नर्सेसनी ज्या हाताने तिला भरवलं, त्या हाताला मी कधी चूक म्हणणार नाही.

चांदोरीकर (सोमवार, रात्री ११.१५)

सिस्टर, तुम्हाला दंडवत.

द्राक्षबागायतदार (मंगळवार, सकाळी ६.२०)

आमच्याकडं सर्जा नावाचा बैल होता. पाय मोडला, जखमेत किडे पडले. तीन आठवडे तो आमच्याकडं बघायचा. शेवटी जनावरांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, बापानं त्याच्या तोंडाशी गूळ धरला. त्याच बापाला पुढं पक्षाघात झाला, चौदा महिने पडून होता, पाठीला जखमा. बैलाला सोडवलं आणि बापाला नाही सोडवू शकलो, हे मला आजही सलतं. दया जनावरालाच का? मला तरी इंजेक्शनात पाप दिसत नाही.

शेवगा (मंगळवार, सकाळी ८.४०)

हाच प्रश्न गांधीजींपुढे १९२८ साली आला होता. साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं, वाचणार नव्हतं. गांधीजींनी स्वतः उभं राहून डॉक्टरकडून त्याला इंजेक्शन देववलं. केवढा गदारोळ झाला, अहिंसावाल्याने गोहत्या केली म्हणून! त्यांनी जाहीर लिहून समर्थन केलं की दुःखातून सोडवणं हीसुद्धा अहिंसा असू शकते. म्हणजे द्राक्षबागायतदार, तुम्ही एकटे नाही.

चाकाची_खुर्ची (मंगळवार, सकाळी १०.०५)

मला इथे अडवावंसं वाटतं, म्हणून लिहिते.

मी सव्विसाव्या वर्षापासून व्हीलचेअरवर आहे. अपघातानंतर पहिलं वर्षभर मी रोज मरण मागत होते, अगदी शुद्धीत, अगदी विचार करून. तेव्हा कायदा असता तर कोणी माझा फॉर्म भरला असता आणि सगळे म्हणाले असते, सुटली बिचारी. आज मी ४१ वर्षांची आहे, शिकवण्या घेते, माझी बारा मुलं दहावीला आहेत.

वृंदाच्या भावाने कॅनडाचं सांगितलं. तिथे २०१६मध्ये इच्छामरणाचा कायदा आला तो मरण जवळ आलेल्यांसाठी. २०२१मध्ये मरण जवळ नसलेल्यांनाही तो लागू झाला. केवळ मानसिक आजार असलेल्यांसाठीही तो लागू करायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलत ढकलत मार्च २०२७पर्यंत नेलंय. तिथल्या अपंगांच्या संघटना ओरडून सांगतायत की आम्हाला आधी घर द्या, मदतनीस द्या, मग मरणाचं विचारा. आपल्याकडे तर साधा रॅम्प नाही.

"मी तुमच्यावर ओझं झालो" हे वाक्य आपल्या घरांत म्हातारी माणसं दिवसातून दहादा बोलतात. त्यातलं किती त्यांचं असतं आणि किती सुनेच्या भांडी आपटण्यातून आलेलं असतं? बैलाला ओझं वाटत नाही. माणसाला वाटतं. म्हणून बैलाचा न्याय माणसाला लावू नका, दादा. तुमचं सलणं खरं आहे, पण चौदा महिने तुम्ही होतात ना त्यांच्यापाशी.

नळी नाकारण्याला माझा विरोध नाही. तो प्रत्येकाचा हक्क आहे. माझा विरोध इंजेक्शनाला आहे.

द्राक्षबागायतदार (मंगळवार, सकाळी १०.३०)

ताई, तुमचं वाचून गप्प बसलोय. भांडी आपटण्याचं खरंय. आमच्या घरातही आपटली गेली.

म्हसरूळ_जैन (मंगळवार, दुपारी ४.१५)

आमच्या आजीने सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवण्याचं जैन व्रत, घेतली होती, म्हणून लिहितोय. गजपंथाच्या पायथ्याशीच आमचं घर. आजी ८८ची, किडन्या गेलेल्या, डायलिसिसला नको म्हणाली. महाराजांनी तिला लगेच व्रत दिलं नाही. खूप प्रश्न विचारले. कोणावर राग आहे का? कंटाळा आलाय का? कोणी काही बोललं का? यातल्या एकालाही हो म्हणालीस तर व्रत मिळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मग घरातल्या प्रत्येकाला बोलावून तिने क्षमा मागितली, मोलकरणीलासुद्धा. आधी अन्न सुटलं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी.

ऑगस्ट २०१५मध्ये राजस्थान हायकोर्टाने याला आत्महत्या ठरवलं तेव्हा नाशिकमध्येही आम्ही मूक मोर्च्यात चाललो होतो. त्याच महिन्याच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. आमच्यात मरण मागणं हासुद्धा दोषच मानतात, जगण्याची हाव जशी दोष तशीच मरणाची. देह टिकत नाही हे दिसलं की त्याला धरून ठेवायचं सोडायचं, एवढंच. चाकाची_खुर्ची यांनी विचारलेला प्रश्न, ओझं वाटतंय म्हणून का, तोच महाराज विचारतात.

पण एक कबूल करतो. शेवटच्या दोन दिवसांत आजीने एकदा पाणी मागितलं असं माझ्या काकूला वाटलं. आई म्हणते नाही मागितलं. घरात अजून त्यावर एकमत नाही.

सत्यशोधन (मंगळवार, सायंकाळी ५.००)

शेवटचं प्रामाणिकपणे लिहिलंत, त्याबद्दल आदर. माझी भीती हीच आहे. शेवटच्या क्षणी माणसाचं मन बदललं तर ते ऐकायला कोण असणार?

शरणपूर_रोड (मंगळवार, रात्री ८.३५)

आम्ही ख्रिस्ती, कॅथलिक. आमच्यात इच्छामरण निषिद्ध आहे, २०२०मध्येही रोमने ते पुन्हा ठासून सांगितलं. पण १९५७ सालीच बाराव्या पायस पोपनी डॉक्टरांना सांगितलं होतं की जीव टिकवायला असाधारण उपाय करण्याचं बंधन नाही. वेदना शमवायला औषध दिलं आणि त्याने आयुष्य थोडं कमी झालं, तरी हेतू मारण्याचा नसेल तर ते चालतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी फादर घरी आले, पवित्र तेल लावलं, आणि आम्हालाच म्हणाले, "आता त्यांना जाऊ द्या."

धर्माचा माणूसही हिशेब वेगळा करतो, हे मात्र मान्य करायला हवं. नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान द्रीस फान आख्त, कॅथलिक पक्षातून आलेले. फेब्रुवारी २०२४मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी, दोघं ९३ वर्षांचे, हातात हात घेऊन कायदेशीर इच्छामरणाने गेले. मला ते पटत नाही. पण ते चित्र डोळ्यांसमोरून जातही नाही.

भद्रकाली_शेख (मंगळवार, रात्री ९.१०)

आमच्यात जीव म्हणजे अमानत, मालकाची ठेव. ती आपण मोडायची नाही. पण अब्बांच्या वेळी मौलानांना विचारलं तर म्हणाले, इलाजाने गुण येण्याची आशाच उरली नसेल तर मशीन लावलंच पाहिजे असं नाही. ठेव सांभाळायची, पण मालक मागायला आला तर दाराला कडी घालायची नाही. गुरुजींनी वर दाराचंच लिहिलंय, वाचून हसू आलं. रामकुंड आणि भद्रकाली, पाच मिनिटांचं अंतर.

इंदिरानगर_एकटा (मंगळवार, रात्री ११.२०)

सगळे आजारी माणसांबद्दल बोलतायत. मी ७७ वर्षांचा, मधुमेह सोडला तर ठणठणीत. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. मूल नाही. कोणाकडून काही मागायची वेळ येण्याआधी शांतपणे जावंसं वाटतं. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून हेच मागितलं होतं. ज्ञानेश्वर एकविसाव्या वर्षी समाधी घेतात ते थोर, विनोबांनी १९८२मध्ये पवनारला अन्नपाणी सोडलं ते थोर, आपल्याच भगूरच्या सावरकरांनी १९६६मध्ये प्रायोपवेशन, म्हणजे मरेपर्यंत उपोषण, केलं त्याला आत्मार्पण म्हणतात. सामान्य माणसाने विचारलं की मात्र रोगी. का?

रामकुंड_गुरुजी (बुधवार, सकाळी ८.००)

काका, प्रश्न रास्त आहे. सावरकरांनी स्वतःच आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला फरक लिहून ठेवला: हताश होऊन जीव देणं वेगळं, करायचं ते करून झाल्यावर देह ठेवणं वेगळं. पण हे करून झालं की नाही, ते एकट्याने सहा वर्षं रिकाम्या घरात बसून ठरवू नये असं मला वाटतं. तुम्ही आधी सहा महिने लोकांत या. पहाटे साडेपाचला मी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, असतो. या, चहा घेऊ.

डॉ_वेदनामुक्ती (बुधवार, सकाळी ९.४५)

काका, रात्री नकोसं वाटलं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, चोवीस तास.

इंदिरानगर_एकटा (बुधवार, सकाळी १०.१०)

मी विचार मांडला तर लगेच हेल्पलाइन! मी निराश नाही. डॉक्टर, तुमचा हेतू चांगला आहे, राग नाही. गुरुजी, साडेपाच म्हणजे फार लवकर होतं.

रामकुंड_गुरुजी (बुधवार, सकाळी १०.१४)

मग सातला या.

डॉ_वेदनामुक्ती (बुधवार, दुपारी ३.३०)

आता वृंदाताई. मी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायचं काम, करतो. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटच्या चार ओळींत आहे आणि त्याच्याकडे कोणी वळलंच नाही.

गुरुवारचं मागणं आणि त्या रात्रीचं मागणं एक नाही. गुरुवारी बाबा बोलत होते. रात्री वेदना बोलत होती. वेदना आटोक्यात आणली की "मोकळं कर" हे मागणं माझ्या दहातल्या बहुतेक पेशंटचं मावळतं. सगळ्यांचं नाही, ते खोटं सांगणार नाही. श्वासाची तगमग काही वेळा औषधालाही दाद देत नाही. तेव्हा शेवटच्या दिवसांत आम्ही पेशंटला गुंगीत ठेवतो, जेणेकरून त्याला ते कळू नये. ते इच्छामरण नव्हे. डोस त्रास थांबेल एवढाच.

बाबांना मॉर्फिन सुरू आहे का? अफूपासून केलेलं वेदनाशामक, तोंडाने घ्यायची साधी गोळी असते, स्वस्त असते. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कडक अटींमुळे दुकानदार ठेवत नसत. २०१४मध्ये कायदा सुधारला, तरी धास्ती अजून गेलेली नाही. डॉक्टरही घाबरतात, घरचेही घाबरतात: "व्यसन लागेल." ८१व्या वर्षी, कॅन्सरच्या वेदनेत! जगात सगळ्यात जास्त औषधी अफू पिकवणाऱ्या देशांत आपण, आणि आपलाच माणूस तळमळत मरतो. केरळमध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी हे औषध पोचवून दाखवलं. नाशिकला का नाही, याचं मला रोज वाईट वाटतं.

गोळी वेळेवर द्यायची, दुखायची वाट पाहायची नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध द्यायचंच. आणि आईला सांगा, शेवटी खाणंपिणं कमी होतं ते उपासमारीने नव्हे. शरीर आवरतं घेत असतं. तेव्हा नळीने भरलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं आणि त्रास वाढतो. ओठ ओल्या कापसाने पुसत राहायचे. तेही भरवणंच आहे.

एक विनंती. नळी नाकारण्याला निकालांत, बातम्यांत निष्क्रिय इच्छामरण म्हणतात, तसं म्हणू नका. २०१८ साली आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तो शब्द टाकून द्या असं सुचवलंय. त्या शब्दानेच आई घाबरली असणार.

शेवगा (बुधवार, दुपारी ४.१०)

अवांतर होईल, पण टाकेदला जाऊन आलेत का कोणी? घोटीपासून जवळ. जटायू तिथे पडला आणि रामाने त्याला पाणी पाजलं असं मानतात. तुलसीदासांच्या रामायणात राम त्याला म्हणतो, देह राख, जग. आणि जटायू हसून नाही म्हणतो. समोर साक्षात राम असताना! वृंदाताई, तुमच्या आईला कायदा आणि भाष्यापेक्षा हे लवकर कळेल.

सत्यशोधन (बुधवार, सायंकाळी ६.३०)

हे मला ठाऊक नव्हतं. माझी आई याच वर्षी गेली, एकवीस दिवस व्हेंटिलेटरवर. हो म्हणणारा मी होतो. नको म्हणणं पाप आहे असं मी इथे तीन दिवस लिहितोय, कारण दुसरं काही खरं असेल तर मी तिला एकवीस दिवस काय केलं?

सिस्टर_३_शिफ्ट (बुधवार, सायंकाळी ६.४२)

दादा, तुम्ही तिला वाचवायला बघत होतात. त्या पलंगाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाने तेच केलं असतं. फोन नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, आज रात्री बोला माझ्याशी.

वृंदा_सातपूर (रविवार, रात्री १०.१५)

आठवडाभर लिहायला जमलं नाही. सगळे प्रतिसाद वाचले, काही बाबांना मोठ्याने वाचून दाखवले.

मॉर्फिन बुधवारी रात्री सुरू झालं. शहरात दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी मिळालं. गुरुवारी बाबा सलग सहा तास झोपले. मी आणि आई आळीपाळीने उठून श्वास चालू आहे का बघत होतो. शुक्रवारी त्यांनी चमचाभर आमरस मागितला. "मोकळं कर" परत म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

शनिवारी नोटरी घरी आले. त्यांनी बाबांना नाव, तारीख, वार विचारला, कोणाचा दबाव आहे का विचारलं. बाबा म्हणाले, "जन्मभर मी नोटा तपासल्या, आज नोटरी मला तपासतोय." सही एका दमात केली. मग कागद उजेडात धरला, तिरका करून पाहिला, नोटेसारखा. साक्षीदार म्हणून शेजारचे काका आणि बाबांचे प्रेसमधले मित्र. भावाने फोनवर सगळं ऐकलं आणि आईची माफी मागितली. तो पुढच्या शनिवारी येतोय.

आई गुरुजींकडे गेली नाही. कागदावर सही होत असताना ती त्या खोलीत आलीही नाही. तिला अजून पटलेलं नाही आणि मी तिला पटवायचं सोडलंय. जटायूचं मात्र तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री पाहिलं तर तांब्यातलं गंगेचं पाणी तिने वाटीत काढून बाबांच्या उशाशी ठेवलंय, त्यावर झाकण, शेजारी स्वच्छ कापूस.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. गोळी गिळता आली नाही तर काय करायचं? आजपासून तिसरा घोट ठसकतोय.

डॉ_वेदनामुक्ती (रविवार, रात्री १०.२२)

जागाच आहे. नंबर व्यनिमध्ये टाकलाय, आत्ता फोन करा. तोवर त्यांना उशीला टेकवून बसतं करा आणि पाणी देऊ नका, फक्त ओठ ओले करा.